घोडवेल परसात लावायची आहे: बी, जागा आणि कंद काढण्याबद्दल

बांधावरची

नमस्कार मंडळी. ओतूरच्या पुढे, माळशेजच्या अलीकडे आमची थोडी शेती आहे. घरामागे पाचेक गुंठ्यांचं परस. जमीन मुरमाड, उताराची; पावसाळ्यात पाणी थांबत नाही आणि उन्हाळ्यात हिरवं म्हणून फारसं काही उरत नाही. शेवगा, हादगा, कढीपत्ता आहेतच. आता मला अशा वेली हव्या आहेत ज्या एकदा लावल्या की वर्षानुवर्षं राहतील, दरसाल पेरणी नको, आणि जमिनीचाही कस वाढेल.

आमच्या बांधाला लागूनच वनखात्याची हद्द सुरू होते. तिथे एका ऐनाच्या झाडावर दंडाएवढ्या जाडीची वेल चढली आहे. सध्या तिच्यावर एकही पान नाही, पण निळ्या-जांभळ्या फुलांचे लांबच लांब तुरे आलेत. फूल वालाच्या फुलाच्या जातीचं दिसतं. सासूबाई म्हणतात ही घोडवेल, हिच्या मुळाशी विदारीकंद असतो आणि त्यांच्या माहेरी तो भाजून खायचे. शेजारचे दादा म्हणतात विदारीकंद म्हणजे भुईकोहळा, तो कापला की दूध निघतं, आणि तो त्यांच्या विहिरीपाशी आहे. दोघंही ठाम आहेत.

तर मला विचारायचंय ते असं. ही वेल नक्की कोणती हे कसं ओळखायचं? बियांपासून येते का, की कंदाचा तुकडा लावायचा? परसात लावली तर ती सगळं व्यापून टाकेल का? कंद किती वर्षांनी मिळतो आणि तो काढला की वेल मरते का? आणि घरात कसा वापरायचा? ज्यांनी स्वतः लावली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. घाई नाही.

डोंगरउतार

ताई, लावण्याआधी एका गोष्टीचा नीट विचार करा. घोडवेल ही जपानकडच्या कुडझू वेलीची सख्खी बहीण आहे, दोघी प्युरेरिया कुळीतल्या. कुडझूनं अमेरिकेत काय केलं ते वाचलं असेल तर परसात आणायची हिंमत होणार नाही. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानच्या दालनात शोभेची वेल म्हणून ती मांडली होती. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारनंच जमिनीची धूप थांबवायला ती लावायला सांगितली, शेतकऱ्यांना पैसे दिले, सुमारे साडेआठ कोटी रोपं वाटली. १९५३ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं शिफारशीच्या यादीतून नाव काढलं, पण तोवर दक्षिणेकडच्या राज्यांत झाडं, खांब, पडकी घरं तिच्याखाली गेली होती.

आमच्याकडे घाणेरी आणि रानमोडीनं डोंगरांचं काय केलंय ते मी रोज बघतो. म्हणून कुठलीही जोमानं वाढणारी वेल मुद्दाम लावताना मला भीती वाटते. कुंपणाला गोकर्ण लावा, तीही शेंगावर्गीय आहे, बारमाही आहे आणि आटोक्यात राहते.

कंदवाली

बांधावरची, तुझ्या सासूबाईंचं बरोबर आहे. शेजारच्या दादांचंही त्यांच्या वेलीपुरतं बरोबर असणार. दोघं दोन वेगळ्या वेलींबद्दल बोलताहेत आणि बाजारात दोन्हींचे कंद विदारीकंद म्हणूनच विकले जातात. मी घाट उतरल्यावर मुरबाडच्या बाजूला राहते, माझ्या वाडीत घोडवेल बरीच वर्षं आहे, म्हणून जरा लांबण लावून लिहिते. ही वेल लावायचीच, पण आधी ओळख पक्की करायची. ओळख पटेपर्यंत कुदळीला हात लावायचा नाही.

आत्ताचे दिवस ओळखायला सगळ्यात चांगले. थंडीत घोडवेलीची पानं गळतात आणि फेब्रुवारी ते एप्रिल बिनपानांच्या खोडावर निळसर फुलं येतात. इतकं जाड खोड, पान नाही आणि निळे तुरे, हे तिन्ही एकत्र आमच्या डोंगरात दुसऱ्या वेलीचं मी पाहिलेलं नाही. एक फूल हातात घेऊन बघ. वरची मोठी पाकळी मागे वळलेली, दोन बाजूंना दोन, आणि खाली दोन जुळून होडी झालेली. होडी अलगद उघडलीस की आत पुंकेसरांची नळी दिसेल. ही झाली शेंगावर्गाची खूण. मग झाडाखालचा पाचोळा चाळ. तिचं जुनं पान सापडलं तर ते तीन पर्णिकांचं, म्हणजे एकाच देठावर तीन छोट्या पानांचं असेल. मधली पर्णिका दोन्ही बाजूंनी सारखी, कडेच्या दोन तिरक्या, त्यांची बाहेरची बाजू फुगलेली. खालच्या अंगाला बोट फिरवलंस की रेशमी लव लागते. वाळलेल्या पानावरही ती टिकते.

आता दादांचा भुईकोहळा. तो रताळ्याच्या कुळातला, आयपोमिया. त्याचं पान एकच असतं पण पंजासारखं पाच-सात भागांत चिरलेलं, आणि फूल भोंग्याच्या आकाराचं गुलाबी-जांभळं. कंद कापला की पांढरा चीक येतो. घोडवेलीच्या कंदाला तसा दुधाळ चीक नसतो. तिचा कंद आडवा कापलास तर आतून पांढरा, धागेदार, आणि एकात एक अशी वलयं दिसतात. जिभेवर ठेवला तर गोडसर, जेष्ठमधाच्या अंगानं जाणारी चव.

पावसाळ्यात मात्र गोंधळ होतो, कारण तेव्हा तीन पर्णिकांची पानं रानात जिकडेतिकडे असतात. खाजकुइरी तशीच दिसते, पण तिचा वेल वर्षभराचा, खोड बारीक. पळसवेलीचं खोड जाड असतं, फुलं मात्र केशरी. या दोघींनी फार बिघडत नाही. खरी काळजी एका रानकंदाची घ्यायची, डायोस्कोरिया हिस्पिडाची. कोनफळाच्या जातीतला आहे, त्याच्याही पानाला तीन भाग असतात, आणि त्याचा कंद विषारी आहे. काप करून दिवसच्या दिवस वाहत्या पाण्यात ठेवणारे जाणकार असतात, तो आपला विषय नाही. फरक पानातच आहे. त्या कंदाच्या पानाच्या ठळक शिरा देठापासूनच एकत्र निघून कमानीसारख्या टोकाकडे जातात, खोडाला काटे असतात. घोडवेलीच्या पर्णिकेला मधे एक शीर आणि तिला बाजूचे फाटे, आणि जिथे पर्णिका देठाला जोडते तिथे छोटी फुगीर गाठ असते. वाल, घेवडा, तूर, कुणाचंही पान बघ, ती गाठ दिसेल.

डोंगरउतार यांचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. वेल जोमाची आहेच. सागाच्या रोपवनात वेलतोड करतात तेव्हा हिच्यावरही कोयता चालतो, आणि तो उगाच चालत नाही. पण कुडझू अमेरिकेत परकी होती. घोडवेल इथली आहे. तिच्यावर जगणारे किडे, तिचे कंद उकरणारे प्राणी, पाच-सहा महिन्यांचा कोरडा काळ, हे सगळं तिच्याबरोबरच इथे आहे. मी तिला दोन नियम लावलेत आणि माझ्याकडे ती आटोक्यात आहे. जमिनीवर लोळू द्यायची नाही, कारण मातीत दबलेल्या डोळ्याला मुळं फुटतात. आणि फळझाडावर चढू द्यायची नाही. आंब्यावर गेली तर वरची पालवी झाकून टाकते.

लावायची बियांपासूनच. एप्रिल-मे मध्ये शेंगा वाळतात. चपट्या, दोन-अडीच इंच लांब, दोन बियांच्या मधे आवळलेल्या, वर तपकिरी केस. पूर्ण तपकिरी झालेल्याच घे. बियांचं कवच कडक असतं, तशाच पेरल्यास तर काही उगवतील आणि काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत नुसत्या पडून राहतील. म्हणून बीचा डोळा सोडून उलट्या बाजूनं पॉलिशपेपरवर घासायची, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच. मग रात्रभर कोमट पाण्यात. सकाळी ज्या टम्म फुगल्या त्या पेरायच्या, ज्या तशाच आहेत त्या परत घासायच्या. पिशवी उंच घ्यावी, मूळ झपाट्यानं खाली जातं. मिश्रणात माती, वाळू, थोडं जुनं शेणखत, आणि जमलं तर मूळ वेलीच्या बुडाजवळची मूठभर माती. ती माती महत्त्वाची, कारण तिच्यात या वेलीच्या मुळांवर गाठी धरणारे जिवाणू असतात. रासायनिक नत्र घालू नकोस. आयतं नत्र मिळालं की वेल गाठी धरायचा कंटाळा करते.

जमिनीचा कस वाढतो का, हे तुला बघायचं असेल तर एखादं जास्तीचं रोप दोन महिन्यांनी पाण्यात धुऊन घे. बारीक मुळांवर मोहरीहून थोड्या मोठ्या गाठी दिसतील. नखानं एक फोड. आतून गुलाबी असेल तर ती हवेतलं नत्र धरते आहे. हिरवट किंवा करडी असेल तर ती काम करत नाही किंवा म्हातारी झाली आहे. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या जातीचा. मी शाळेतल्या मुलांना वाडीत बोलावून हेच आधी दाखवते, कारण पुस्तकात चार ओळी वाचण्यापेक्षा ती गुलाबी गाठ एकदा बघितली की विसरत नाही. पण एक ध्यानात घे, हे नत्र शेजारच्या झाडाला लगेच मिळत नाही. वेलीची पानं गळून कुजतील, मुळं मरतील, तेव्हा ते मातीत येतं. म्हणून तिचा पाचोळा जाळायचा नाही, तिथेच आच्छादन म्हणून पसरायचा.

जागा तुझ्याकडची उत्तमच. मुरमाड उतार तिला मानवतो. काळ्या पाणथळ जमिनीत कंद कुजतो. रानातल्या जुन्या वेलीचा कंद दहा-वीस किलोंचाही निघतो, पण तो इतका खोल आणि दगडांत गुंतलेला असतो की पहार घेऊन दिवस जातो. परसात तसं करायची गरज नाही. मी दोन फूट खड्डा करून तळाशी जुनी फरशी आडवी टाकते, वर भुसभुशीत माती भरते. मूळ फरशीला अडतं आणि कंद वरच्या थरात बाजूला फुगतो. ज्यांच्याकडे जागा कमी त्यांनी सिमेंटची रिंग ठेवून तीत माती भरली तरी चालेल.

कंदासाठी तीन पावसाळे तरी थांब. आधी उकरून बघायचा मोह होतो, पण मुळं दुखावली की वाढ मागे पडते. काढायची वेळ पानं पूर्ण गळल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे वेलीनं वर्षभराचं अन्न खाली साठवलेलं असतं आणि फुलांवर खर्च केलेलं नसतं. सगळी वेल उपटायची नाही. एका बाजूनं माती सारायची, मुळांवर कंद दिसतील. मधल्या मुख्य गड्ड्याला, जिथून खोड फुटतं, त्याला हात न लावता बाजूचा एखादा कंद कापून घ्यायचा, कापलेल्या जागी राख लावायची आणि माती परत ओढायची. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूनं. अशानं तीच वेल देत राहते.

घरात वापर फार नाही, हे आधीच सांगते. कोवळा कंद सोलून उकडायचा किंवा निखाऱ्यात भाजायचा. जुना धागेदार होतो, तो चावून रस घ्यायचा आणि चोथा टाकायचा. मला स्वतःला त्याचं सत्त्व काढणं जास्त पटतं. कंद किसायचा, भरपूर पाण्यात कुस्करायचा, फडक्यातून गाळायचा, पाणी निवळू द्यायचं, वरचं ओतून परत नवं पाणी. दोन-तीनदा असं केलं की तळाशी पांढरा साका बसतो. तो वाळवला की तवकिरीसारखा वापरता येतो, खिरीत किंवा लापशीत. जपानमध्ये कुडझूच्या मुळाचं सत्त्व असंच काढतात. किलोभर कंदातून हातात येतं ते थोडंच, पण पोटाला हलकं असतं. औषध म्हणून काय ते मी सांगणार नाही, ते जाणत्या माणसानं सांगावं.

पाला मात्र भरपूर मिळतो आणि शेळ्या, गुरं आवडीनं खातात. पण पाला ओरबाडलास तर कंद भरणार नाही, तेव्हा श्रावण-भादव्यात एकदाच कापावा आणि पुढे वेल मोकळी सोडावी.

घाटमाथा

कंदवालींनी छान लिहिलंय. एक भर घालतो. मी भीमाशंकरच्या बाजूला राहतो. इकडे साळिंदर आणि रानडुक्कर या कंदाच्या मागावर असतात. साळिंदर रात्री येतं, नेमकं बुडाशी तिरकं बीळ पाडतं, अर्धा कंद कुरतडतं आणि सकाळी आपल्याला मातीचा ढीग आणि एखादं पीस दिसतं. डुक्कर आलं तर सगळं वरखाली करून जातं.

तुमचं परस जंगलाला लागून आहे, त्यामुळे लावतानाच बंदोबस्त करा. खड्ड्याच्या चारी बाजूंनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी फूटभर जमिनीत पुरा आणि वर मोठे दगड रचा. जाळी बारीक तारेची असेल तर साळिंदर ती तोडतं, जाड घ्या. आमच्याकडे एका शेजाऱ्यानं वेलीभोवती करवंद लावलं, ते वाढल्यावर डुकराचा त्रास बराच कमी झाला.

आणि फुलांच्या दिवसांत काळे मोठे भुंगे दिवसभर या वेलीवर असतात. मार्च महिन्यात रानात फुलं असली तरी परसात कमी असतात, तेव्हा वेलवर्गीय भाज्यांच्या परागीभवनाला हे भुंगे कामी येतात. मला या वेलीचं एवढं एक कारणही पुरेसं वाटतं.

वनौषधी

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते, म्हणून वापराबद्दल लिहिते.

विदारी आयुर्वेदात मधुर, गुरू, स्निग्ध आणि शीत मानली आहे. कृश माणसाचं बल वाढवायला, बाळंतिणीला दूध यायला, घसा आणि छातीच्या कोरडेपणात ती देतात. चरकसंहितेत च्यवनप्राशाची जी यादी आहे तीत विदारी आहे. भुईकोहळा, ज्याला क्षीरविदारी म्हणतात, तोही जवळपास याच कामांसाठी वापरतात, त्यामुळे दोघांची सरमिसळ जुनी आहे. पण चूर्ण झाल्यावर डोळ्यांनी फरक सांगता येत नाही. घरचा कंद असण्याचा खरा फायदा हाच, की आपण काय खातोय ते आपल्याला माहीत असतं.

आता काळजीचं. घोडवेलीच्या कंदात प्युरेरिन, डेड्झीन अशी द्रव्यं असतात. सोयाबीनमध्ये ज्या गटातली असतात त्याच गटातली, शरीरात इस्ट्रोजेनसारखी थोडीफार वागणारी. प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत या कंदाच्या अर्कानं गर्भधारणेत अडथळा आलेला दिसला आहे. म्हणून गरोदर बाईनं किंवा मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्यानं हा कंद औषध म्हणून आपल्या मनानं घेऊ नये. स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग झालेला असेल, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाळंतिणीलाही सरसकट नाही, तिची भूक आणि पचन बघून. हा कंद पचायला जड आहे. अग्नी मंद असलेल्या माणसाला चूर्ण दिलं की पोट फुगतं आणि मग दोष औषधाला जातो. सत्त्व हलकं असतं हे कंदवालींचं निरीक्षण बरोबर आहे, कारण त्यात धागा राहत नाही.

वाळवायचा असेल तर ताजा असतानाच पातळ काप करा, सावलीत वारा लागेल असे पसरा, कडक झाल्यावर एकदाच ऊन दाखवा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पिठूळ असल्यामुळे कीड लवकर लागते. चूर्ण करून ठेवू नका, काप ठेवा आणि लागेल तसं कुटा.

बांधावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सासूबाईंना घेऊन वेलीखाली गेले होते. पाचोळ्यात तीन पर्णिकांचं पान सापडलं, कडेच्या दोन तिरक्याच आहेत आणि खाली लव अजून लागते. देठाशी ती फुगीर गाठही दिसली. मग तशीच दादांच्या विहिरीवर गेले. त्यांच्या वेलीची वाळकी पानं पंजासारखी आहेत, म्हणजे तो भुईकोहळाच. दादांनाही आता पटलंय आणि त्यांनी त्याचं एक रोप देऊ केलंय.

आता तीन गोष्टी. वस्तीवरचे एकजण म्हणाले, सांगा तर ऐनावरच्या वेलीचा कंद काढून देतो, तुम्ही तीन वर्षं कशाला थांबता. काढू द्यावा का? दुसरं, आधार म्हणून शेवगा चालेल का? तो रिकामाच उभा आहे. आणि डोंगरउतार दादा, तुमची भीती मला कळते. मी एकच वेल लावणार आहे, आणि गोकर्णही लावते कुंपणाला.

डोंगरउतार

कंदवालींचे दोन नियम वाचले. इथली वेल आणि बाहेरून आणलेली वेल यांत फरक आहे हे पटलं. फक्त एक करा ताई, शेंगा दरवर्षी वाळण्याआधी लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या काढत जा आणि उतारावरून पाणी जिथे वाहून जातं त्या घळीच्या तोंडाशी वेल लावू नका. बी पाण्याबरोबर खाली कुणाच्या शेतात जायला नको.

कंदवाली

रानातली वेल उकरू देऊ नकोस. एक तर ती वनखात्याच्या हद्दीत आहे. १९२७ चा वन कायदा आजही लागू आहे आणि राखीव वनात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. वस्तीवरच्या लोकांना २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या इतर वस्तूंवर, हक्क मिळालेत, पण ते त्यांचे आहेत, आपल्या परसासाठी वापरायचे नाहीत. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. रानात कंद काढणारा सहसा घाईत असतो, मुख्य गड्डाच ओढतो आणि वेल जाते. दंडाएवढं खोड व्हायला किती वर्षं लागली असतील त्याचा विचार कर. आमच्या बाजूला औषधवाल्यांचे लोक पोती भरभरून कंद नेत असत, आता त्या उतारांवर घोडवेल शोधावी लागते. तुझ्या बांधाला लागून बी देणारी जुनी वेल आहे, ती तशीच उभी राहायला हवी. तिच्या शेंगा वाऱ्यानं तुझ्या हद्दीत पडतीलच, तुला मूठभर बिया बास आहेत. लागलंच तर वनरक्षकांना सांगून ठेव, बी लावणाऱ्याला ते सहसा मदतच करतात.

शेवग्यावर नको. लाकूड ठिसूळ, पावसाळ्यात ओल्या पाल्याचं ओझं आलं की वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि तुझ्या शेंगाही जातील. हादगाही तसाच, कमी आयुष्याचा. चार सिमेंटचे खांब रोवून जाड तारेचा मांडव कर, उंची तुझ्या डोक्याच्या थोडी वर. याहून उंच केलास तर पाला कापता येत नाही. खांब नसतील तर बांधावरचा एखादा किंजळ किंवा ऐन दे, जो तसाही फळासाठी नाही. मांडवाची एक गंमत आहे, उन्हाळ्याआधी पानं गळतात म्हणून हिच्याखाली एप्रिल-मेची सावली मिळत नाही. सावलीच हवी असेल तर ही वेल उपयोगाची नाही. पण पावसाळ्यात तिच्याखाली आलं, हळद छान येते आणि पानं गळली की हळद काढायला मोकळी होते. माझ्याकडे असंच चालतं.

घाटमाथा यांनी सांगितलेली जाळी खड्डा भरतानाच पूर. नंतर पुरायला गेलीस तर मुळं तुटतात.

बियांबद्दल राहिलेलं सांगते. शेंगा गोळा केल्यावर लगेच सोलू नकोस, दोन दिवस सावलीत ठेव, मग हातमोजे घालून सोल, केस बोटांत घुसतात. बी उजेडात धरून बघ. शेंगेतच कीड लागते, बारीक भोक असलेली बी बाजूला काढ. उरलेल्या पाण्यात टाक, तरंगतील त्या फेक. चांगल्या बिया वाळवून कडुनिंबाचा पाला घालून डब्यात ठेव आणि मे अखेर पिशव्यांत पेर. रोपाला चार-पाच पानं आली आणि पाऊस नीट लागला की जुलैत खड्ड्यात. पहिल्या उन्हाळ्यात पानं गळून नुसती काडी राहील, ती मेली समजून उपटू नकोस. बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन दे, पंधरा दिवसांनी एकदा पाणी, एवढंच. वळवाचा पाऊस झाला की काडीच्या बुडातून फूट येते.

शेंगा हाती आल्या की इथे फोटो टाक, बिया बघून सांगते. आणि दादांचा भुईकोहळा लावलास तर दोन्ही वेलींमधे चांगलं अंतर ठेव आणि खड्ड्यापाशी पत्र्याची पाटी लाव. पानं गळल्यावर दोन्ही खड्डे सारखेच दिसतात, आणि तीन वर्षांनी कंद काढणारी तूच असशील असं नाही.